पाच कारणे आणि एक कर्ता

कृतीचा परिणाम वाईट झाला तर तो कोणाच्या नावावर मांडायचा, हा नीतिविचारातील जुना प्रश्न जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्या छोट्या वर्तुळात जितक्या उघडपणे विचारला गेला आहे, तितका तो अन्य व्यवसायांत क्वचितच विचारला गेला असेल. या क्षेत्रात एकच अवघड कृती त्याच हातांनी पुन्हापुन्हा केली जाते, तिचा परिणाम बहुधा काही दिवसांतच समजतो आणि ज्याच्यावर ती केली जाते ते बालक होकार किंवा नकार देऊ शकत नाही. त्यामुळे नशीब, कौशल्य आणि अपराध यांच्या सीमा येथे उघड्यावर येतात.

त्यासाठी एका दोषाचा इतिहास पाहणे पुरेसे आहे. काही बालकांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी आणि फुप्फुसांकडे जाणारी फुप्फुसधमनी, यांची जागा जन्मतःच अदलाबदल झालेली असते, आणि शुद्ध व अशुद्ध रक्ताची दोन चक्रे वेगवेगळीच फिरत राहिल्याने उपचाराविना बहुतेक बालके वर्षभरही जगत नाहीत. सेनिंग आणि मस्टर्ड यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या शस्त्रक्रियांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतच रक्ताची वाट वळवली जाई. त्या बऱ्याच सुरक्षित होत्या, पण सर्व शरीराला रक्त ढकलण्याचे काम उजव्या निलयावर, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्यावर, पडे आणि काही दशकांनी तो थकत असे. साओ पाउलो येथे आदिब जातेने यांनी १९७५ साली धमन्याच आपापल्या जागी नेऊन जोडण्याची, आर्टेरियल स्विच नावाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या अत्यंत बारीक कोरोनरी धमन्याही तीत उपटून नव्या जागी जोडाव्या लागत असल्याने ती शिकणे कठीण होते, आणि अनेक केंद्रांत शिकण्याच्या काळातील मृत्यूंचे प्रमाण जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक राहिले. आज हा दोष घेऊन जन्मणाऱ्या बालकाला दीर्घ आयुष्याची आशा आहे. ती ज्या संक्रमणातून आली, त्याची किंमत मात्र त्या वेळच्या काही बालकांनी मोजली.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या कांटच्या दंडकापुढे हे संक्रमण कसे टिकते? पालकांची संमती होती, हे उत्तर लगेच सुचते. पण त्या संमतीचे मोल पालकांना कोणता आकडा सांगितला गेला यावर ठरते. जगातील उत्तम केंद्राचा आकडा सांगून घेतलेली संमती आणि समोर उभ्या असलेल्या शल्यचिकित्सकाचा स्वतःचा आकडा सांगून घेतलेली संमती, या नैतिकदृष्ट्या एकच गोष्ट नव्हेत.

इंग्लंडमधील दोन घटना येथे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मार्क द लेव्हाल यांच्या हातून हीच शस्त्रक्रिया झालेल्या नवजातांत आरंभी मृत्यू अगदी विरळ होते, आणि मग थोड्याच अवधीत सात बालके दगावली. त्यांनी हा योगायोग मानला नाही, सहकाऱ्याकडे जाऊन पुन्हा प्रशिक्षण घेतले आणि १०४ शस्त्रक्रियांचा सगळा हिशेब, कारखान्यातील गुणवत्ता-तपासणीची गणिती रीत वापरून, १९९४ साली स्वतःच प्रसिद्ध केला. ब्रिस्टलच्या रुग्णालयात मात्र अशाच बालशस्त्रक्रियांतील मृत्यूंच्या आकड्यांविषयीची शंका स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने सहकाऱ्यांपुढे मांडूनही बराच काळ वाया गेला. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीने २००१ च्या अहवालात १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील सुमारे ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावल्याचा निष्कर्ष काढला. तेथील माणसे दुष्ट नव्हती, हेही त्याच अहवालाने स्पष्ट केले, आणि हाच त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग म्हणावा लागेल.

मग दोष कोणाचा? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानदेवांनी त्यांचे विवेचन विस्ताराने केले आहे. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला खरे दिसत नाही, असे गीता म्हणते. हे वचन बहुधा अहंकाराच्या निरसनासाठी वाचले जाते, परंतु अपराधभावाने खचलेल्या माणसालाही ते तितकेच लागू आहे, कारण ‘सगळे माझ्यामुळेच झाले’ म्हणणाराही उरलेल्या चार कारणांकडे पाठच फिरवतो. द लेव्हाल यांचे पुढचे काम नेमके या चारांकडे वळलेले दिसते. १६ केंद्रांतील २१ शल्यचिकित्सकांच्या २४३ शस्त्रक्रियांचे निरीक्षण करून त्यांच्या गटाने २००० साली दाखवले की मोठी चूक लक्षात येते म्हणून पुष्कळदा सावरली जाते, तर किरकोळ अडथळे कोणाच्या लक्षातच न आल्याने साचत जातात आणि परिणाम बिघडवतात.

याच अध्यायात पुढे अहंभाव गळालेला पुरुष मारूनही मारत नाही, असे विधान येते, आणि व्यवसायबंधूंच्या वर्तुळात त्याचा सोयीचा अर्थ लावणे फार सोपे आहे: दोष व्यवस्थेचा, दैवाचा, रुग्णाच्या अवघड शरीररचनेचा, आणि म्हणून कोणाचाच नाही. ब्रिस्टलमधील मौन असल्याच अर्थावर पोसले गेले असावे. पाच कारणे जाणणाऱ्याची सुटका होत नाही, उलट त्याचे काम वाढते. आधी केवळ स्वतःचा हात तपासायचा होता, आता साधने, सहकारी आणि त्या दिवसाचा क्रमही तपासावा लागतो, आणि कर्ता हे कारण यादीतून गाळण्याची मुभा तर नसतेच.

ब्रिटनमध्ये आता केंद्रनिहाय परिणाम जाहीर होतात, आणि अवघड रुग्ण घेणाऱ्या केंद्रावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येक रुग्णाची जोखीम हिशेबात धरणारी सांख्यिकी पद्धतही वापरली जाते. तरीही, स्वतःचा आकडा बिघडेल या भीतीने एखाद्याने अवघड बालकाची शस्त्रक्रियाच टाळली तर ती टाळणी शस्त्रक्रियांच्या नोंदीत कोठेच येत नाही. अकर्मातही कर्म पाहावे असे गीतेचा चौथा अध्याय सांगतो. व्यवहारात हे पाहण्याची जबाबदारी हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या संयुक्त बैठकीवर येते, आणि त्या बैठकीत नकार कोणी व कोणत्या कारणाने दिला याची नोंद ठेवली, तरच तो नकार पुढे तपासता येतो.