कटकास गेले

वंशावळीचा कागद बाजूला ठेवा. आज एकाच पूर्वजापाशी बसायचं आहे. समजा, त्याच्या नावापुढे एवढंच लिहिलंय: 'कटकास गेले'. तिथेच थांबा.

'अटकेपार झेंडे' म्हणताना छाती फुगते. फुगू द्या, मग श्वास सोडा. 1758 साली गाठलेली अटक फार काळ हाती राहिली नाही. ओडिशातल्या कटकात मात्र नागपूरकर भोसल्यांचा अंमल 1751 पासून 1803 पर्यंत चालला. तरी कौतुक अटकेचंच! असो.

आता त्या पूर्वजामागून चाला. नागपूर सुटलं, छत्तीसगड सरलं. पुढे महानदी आणि काठजोडी यांच्या बेचक्यात वसलेलं कटक, नदीकाठी बाराबाटीचा किल्ला. आणखी ईशान्येला सुवर्णरेखा नदी. तिच्यापलीकडे बंगाल, म्हणजे दुसऱ्याचं राज्य.

त्याच्या हाती तलवार द्यायची घाई करू नका. लेखणी देऊन बघा. ओडिशात व्यवहार कवड्यांत चाले, सारासुद्धा कवड्यांत येई. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण. एका काहणाच्या 1280 कवड्या. कचेरीत तो ढीग ओतल्याचा आवाज ऐका. मोजणारा कोण, आणि ओतून रिकाम्या हाताने परतणारा कोण? दोघांचेही चेहरे बघा. आपलं रक्त एकाच बाजूला आहे म्हणून दुसऱ्यावरून नजर काढू नका.

पुरीच्या यात्रेकरूंवर कर होता. त्या रांगेत एखादी वऱ्हाडातली म्हातारी उभी करा, जगन्नाथाला निघालेली. आपल्या बोलीत ती कर घेणाऱ्या त्या पूर्वजाला 'बाबा, सोड' म्हणते. त्याने काय केलं असेल? लगेच चांगलं उत्तर देऊ नका.

बंगालात मराठी स्वारांची, 'बर्गीं'ची, भीती अंगाईत उतरली आहे. हेही त्याच वंशावळीचं पान समजा. मला ते टाळून पुढे जाता येत नाही.

1803 च्या ऑक्टोबरात बाराबाटी इंग्रजांनी घेतला. डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक गेलं. आता सरहद्दच त्याच्या अंगावरून पुढे सरकली. परतावं, की राहावं? मुलं कुठल्या भाषेत भांडत होती? बायको बरोबर होती, की गावी वाट बघत होती? पुरुषांच्या नावांच्या त्या उतरंडीत तिचं नाव बहुधा नसेलच. घरात एखादी आत्याआजी असेल, तर तिला पहिल्यांदा या बायकोबद्दल विचारा.