देवाची उदबत्ती, आपलं नाक

मुलं-सुना परदेशातून यायला निघाली की आम्ही सेवेकरी बायका आता चॉकलेटं सांगत नाही. “तिथली साधी, स्वस्तातली उदबत्ती आण,” म्हणतो. महागडी नको, तिथले लोक रोज लावतात ती.

अशी बरीच पाकिटं जमली. जपानच्या उदबत्तीत बांबूची काडीच नसते. शेवयांसारखी बारीक आणि धूर अगदी थोडा. एका पाकिटावर नाव ‘मैनिची-को’, म्हणजे रोजचा धूप. भूतानची जाडसर, तिला वैद्याच्या दुकानासारखा वास. व्हिएतनामची लाल काडीची. तिकडे हनोईजवळच्या क्वांग फू काऊ गावात या काड्यांच्या मोळ्या फुलांसारख्या पसरून उन्हात वाळवतात.

पहिला प्रश्न आला, परकी आणि वर स्वस्त, देवाला चालेल का? उत्तर सोपं आहे. ‘उदबत्ती’ शब्दातला ऊदच मुळी अरबी. जपानी घरांतल्या बौद्ध देव्हाऱ्यात धूप, फूल, दिवा, पाणी आणि अन्न ठेवतात. आपल्या पंचोपचारात गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. फरक कितीसा राहिला? आणि स्वस्त म्हणजे हलकं नव्हे. रोज परवडतं तेच रोज वाहता येतं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड. देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, नैवेद्य आधी चाखत नाही. मग उदबत्ती लावून बघायची आणि आपल्याला आवडली तरच देवापुढे, हे कसं? “ही नको गं, देवापुढे बरी नाही वाटत,” असं आपण म्हणतो तेव्हा नाक कुणाचं असतं?

आम्हाला वाटतं, सुगंध आवडणं यात पाप नाही. प्रसाद आपणही गोड मानूनच खातो, पण अर्पण केल्यावर. म्हणून बैठकीच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, खुशाल चार वास घ्यावेत. त्याला शौक म्हणावं, सेवा म्हणू नये. देव्हाऱ्यापुढे एकदा काडी पेटली की परीक्षा बंद. जपानी लोक धूप ‘ऐकतात’, त्यांच्या भाषेत तसाच शब्द आहे. ऐकायचं तर आधी आपण गप्प बसावं लागतं.

खरी कसोटी पुढेच आहे. नावडती पाकिटं उरतात, तेव्हा पटकन सुचतं, “देवळात देऊन टाकू,” नाहीतर “कामवाल्या मावशींना देऊ.” आपल्याला नको ते देवाला, नको ते गरिबाला, आणि वर दान केल्याचं समाधान! इथे धूप स्वस्त नसतो, भाव स्वस्त होतो.

म्हणून आम्ही एक साधा नियम ठरवलाय. आवडलेली देवाला आणि मावशींना, नावडती आपल्या घरात संपवायची. दहा-वीस दिवस नाकाला थोडं सोसावं लागतं एवढंच. तुम्हीही करून बघा.