पेटी, यंत्र आणि आपले हात

परदेशातून नवनवी साधने येतात, त्यांच्यामागोमाग परक्या चालीरीती येतात आणि आपली संस्कृती क्षीण होत जाते, असे आपल्या समाजात वारंवार बोलले जाते. वडीलधाऱ्यांच्या या चिंतेत तथ्य आहेच. तथापि, एखादी वस्तू परकी आहे एवढ्यावरूनच ती त्याज्य ठरते काय, याचा विचार व्हावयास हवा.

आपल्या कीर्तनातील पेटीचेच उदाहरण घ्यावे. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मास आले. आसनावर बसून पायांनी भाता चालवावयाचा, अशी त्याची मूळ रचना. कलकत्त्याच्या कारागिरांनी ते जमिनीवरच्या बैठकीस योग्य असे केले. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. आपल्या ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील भैयासाहेब गणपतराव यांनी ठुमरीच्या अंगाने ते वाजवून नावलौकिक मिळविला. पेटीतून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद निघत नाहीत, हा आक्षेप खराच होता. १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. परंतु कीर्तनकारांनी व भजनी मंडळांनी तिला अंतर दिले नाही. परकी पेटी आपली झाली ती आपल्या माणसांनी तिच्यावर घेतलेल्या मेहनतीमुळे.

आता दुसरे उदाहरण पाहू. अलीकडे अनेक देवळांत आरतीसाठी विजेचे यंत्र बसविलेले असते. कळ दाबताच नगारा, झांज व घंटा आपोआप वाजू लागतात. हे यंत्र आपल्याच देशात तयार होते, त्याचा नादही आपलाच. परंतु ज्या मुलाने झांज धरावयाची, तो रिकाम्या हातांनी उभा राहतो. ताल चुकल्यावर आजोबांनी डोळ्यांनी दटावणे आणि हळूहळू तो ताल अंगी मुरणे, हे शिक्षण तेथे संपते. वस्तू स्वदेशी खरी, पण आपल्याला परके करून सोडणारी.

यावर कोणी म्हणेल की, दुपारच्या आरतीस वृद्ध पुजारी एकटाच असतो. एका हाती निरांजन, दुसऱ्या हाती घंटा, मग नगारा वाजवावा कोणी? पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हा प्रश्न परका नाही. यंत्राने आपले हात हिरावून घेतले, असे आपण म्हणतो. पण पुष्कळ ठिकाणी हात आधी निघून गेले आणि यंत्र मागाहून आले. त्या पुजाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

भ्रमणध्वनीसही हीच कसोटी लावावी. परदेशी गेलेली नात त्यावर आपल्या देवाची आरती पाहते, एखादा विद्यार्थी जुन्या गवयाची चीज शंभरदा ऐकून गळ्यावर चढवितो, तेव्हा ते साधन पेटीच्या पंक्तीस बसते. नुसते पाहून पुढे सरकले, तर ते आरतीच्या यंत्राची जागा घेते.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरचा समावेश संगीतासाठीच्या सर्जनशील नगरांत केला. हा मान भूषणावह आहे, पण तो टिकावयाचा तो घराघरांतून. इंदरगंज-लष्कर परिसरातील प्रत्येक कुटुंबातून आठवड्यास एकाने जरी आरतीस येऊन झांज हाती घेतली, तर यंत्राची कळ दाबण्याची पाळी पुजाऱ्यावर सहसा येणार नाही.