द्रुत ध्वनी आणि शब्दाचे अखंडत्व

उच्चारलेला वर्ण तत्क्षणी नाहीसा होतो आणि दोन वर्ण एकाच वेळी कधीही कानी पडत नाहीत, तरीही ऐकणाऱ्याला एकसंध शब्द कसा कळतो, हा भारतीय भाषाचिंतनातील जुना प्रश्न आहे. शबरस्वामींच्या मीमांसाभाष्यानुसार आधीचे वर्ण मागे संस्कार, म्हणजे ठसे, ठेवून जातात आणि त्यांच्या साहाय्याने अंत्य वर्ण अर्थबोध घडवतो. भर्तृहरीने मात्र ‘वाक्यपदीया’त शब्द मुळातच अखंड मानला, त्याला स्फोट म्हटले आणि द्रुत, मध्यम, विलंबित हे गतीचे भेद स्फोटाचे नसून केवळ ध्वनीचे आहेत, असा निर्णय दिला.

गतीला असे गौण लेखता येईल काय, ही शंका १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगामुळे नव्याने उभी राहते. नागराजन, टॅलल, मर्झेनिक आदी संशोधकांनी वाचनात तरबेज व कच्च्या अशा प्रौढांना अल्पकालीन सूर पाठोपाठ ऐकवले आणि मेंदूच्या विद्युतक्रियेतून उमटणारे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजले. सुरांमधील अंतर १०० किंवा २०० मिलिसेकंद असताना कच्च्या वाचकांच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद बराच क्षीण आढळला. ५०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या, अंतराला तसे आढळले नाही. ‘बा’ आणि ‘डा’ यांतील भेद ज्या ध्वनिसंक्रमणावर अवलंबून असतो, ते जेमतेम ४० मिलिसेकंदांत आटोपते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिला ठसा नीट उमटण्याआधीच दुसरा वर्ण येऊन थडकल्यास काय होत असेल, याची कल्पना येते.

वरवर पाहता ही शबरस्वामींची सरशी वाटते. पण भर्तृहरीला इतक्या सहज निकालात काढता येत नाही, कारण त्याने वर्णाची ओळख पटवणारा प्राकृत ध्वनी आणि बोलण्याच्या संथ वा जलद ढंगाचा वैकृत ध्वनी असे दोन भेद केले होते, आणि गौण ठरवलेली गती या दुसऱ्याची आहे. शिवाय मोडी, स्टडर्ट-केनेडी व ब्रेडी यांनी १९९७ मध्येच दाखवले होते की ‘बा’-‘डा’मध्ये गोंधळणारी मुले तितक्याच वेगाने ऐकवलेल्या, परंतु परस्परांहून अधिक भिन्न असलेल्या अक्षरांत तशी गोंधळत नाहीत, म्हणजे अडचण निव्वळ वेगाची नसून निकटच्या वर्णांचा भेद पकडण्याची असावी. त्यातच प्रतिसादातील क्षीणता हे वाचनदौर्बल्याचे कारण की परिणाम, हेही प्रौढांवरील अशा एका प्रयोगातून ठरत नाही. मेंदूची ही मोजमापे स्फोटवादाचे खंडन किंवा मंडन म्हणून पुढे करणे त्यामुळे अप्रस्तुत आहे.