रेषा आखणारा हात

लोकशाहीविषयी आपण बोलतो तेव्हा मतदार आपला प्रतिनिधी निवडतो, हे गृहीत धरलेले असते. परंतु मतदानाच्या कितीतरी आधी एका नकाशावर कोणीतरी रेषा आखून ठेवलेल्या असतात. कोणते गाव कोणत्या गावाला जोडायचे, कोणती आळी शेजारच्या आळीपासून तोडायची, हे तेव्हाच ठरून गेलेले असते. ह्या रेषा चातुर्याने आखल्या तर मतदाराने प्रतिनिधी निवडण्याऐवजी प्रतिनिधीच आपले मतदार निवडू लागतो. मतपेटीला हात न लावता, एकही खोटे मत न टाकता निकाल फिरवता येतो. म्हणूनच मतदारसंघांची आखणी हा केवळ भूगोलाचा वा कारकुनीचा विषय नाही; तो नीतीचा विषय आहे. कायद्याने जे करता येते ते करणे योग्यच असते काय? आणि समोरच्याने ते केले म्हणून आपणही करावे काय?

ही किमया कशी साधते, हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. पंधरा मतदारांचे एक गाव आहे. नऊ जण एका पक्षाचे, सहा दुसऱ्याचे. पाच-पाच मतदारांचे तीन प्रभाग करायचे आहेत. प्रत्येक प्रभागात मोठ्या पक्षाचे तीन व लहान पक्षाचे दोन मतदार ठेवले, तर तिन्ही जागा मोठ्या पक्षाला मिळतात आणि सहा जणांना एकही प्रतिनिधी उरत नाही. उलट, मोठ्या पक्षाचे पाच मतदार एकाच प्रभागात कोंबले आणि उरलेले चार दोन-दोन करून इतर प्रभागांत विखुरले, तर सहा जणांचा लहान पक्ष तीनपैकी दोन जागा जिंकतो. माणसे तीच, मते तीच. बदलली ती फक्त रेषा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक राज्यांत ही रेषा विधिमंडळच आखते. म्हणजे ज्यांना निवडून यायचे आहे त्यांच्याच हाती लेखणी असते. १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी ह्यांनी आपल्या पक्षाला सोयीच्या अशा आखणीच्या कायद्यावर सही केली. त्यातील एका मतदारसंघाचा वेडावाकडा आकार पाहून बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख व नखे जोडून व्यंगचित्र छापले, आणि पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडर ह्या प्राण्याच्या नावात गेरींचे नाव गुंफून ‘गेरीमँडर’ हा शब्द रूढ केला. त्या वर्षी गेरींच्या पक्षाला राज्याच्या सिनेटसाठी विरोधकांपेक्षा कमी मते पडली. जागा मात्र चाळीसपैकी एकोणतीस मिळाल्या. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात म्हटले आहे की, ही योजना गेरींना मुळीच आवडली नव्हती. तरीही त्यांनी सही केली. मनाला न पटणारी गोष्ट पक्षासाठी करणाऱ्या सज्जन माणसाचे हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

अन्याय रेषा आखून होतो, तसाच न आखूनही होतो. अलाबामा राज्याच्या संविधानाने दर दहा वर्षांनी जागांची फेरवाटणी करण्यास सांगितले होते. परंतु १९०१ नंतर विधिमंडळाने साठ वर्षे ती टाळली. दरम्यान माणसे खेड्यांतून शहरांकडे गेली. सहा लाखांहून अधिक वस्तीच्या जेफर्सन परगण्याला सिनेटर एक आणि साडेपंधरा हजारांच्या आसपास वस्तीच्या लाउंड्स परगण्यालाही एकच! अखेर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रतिनिधी हे माणसांचे असतात, जमिनीचे नव्हेत; राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान असलीच पाहिजे. काहीच न करणे हेही कृत्य असते आणि त्याचाही जाब द्यावा लागतो, हा धडा त्या निर्णयात आहे.

त्याच राज्यात १९५७ मध्ये विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली. परिणाम असा की, शहराच्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्व जण हद्दीबाहेर फेकले गेले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेखदेखील नव्हता. नुसत्या रेषेने माणसांना त्यांच्याच शहरात परके केले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या हद्दीला दिलेले आव्हान मान्य केले.

वर्णभेदाच्या रेषा न्यायालयाने अडवल्या. पक्षभेदाच्या रेषांपुढे मात्र ते थांबले. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाने तेरापैकी दहा जागा आपल्याला मिळाव्यात असा नकाशा २०१६ मध्ये केला. अकरा-दोन अशी वाटणी शक्य दिसत नाही म्हणून दहा-तीन करीत आहोत, असे त्यांच्या एका आमदाराने उघडपणे सांगितले. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने हाच खेळ उलट्या दिशेने खेळला होता. दोन्ही खटल्यांचा निकाल २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी एकत्रच लागला. अशा आखणीचे फळ अन्यायाचे वाटते हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु किती पक्षपात म्हणजे अती, हे मोजण्याचे माप संघराज्याच्या न्यायालयांजवळ नाही, असे ठरवले. जिथे न्यायालय हात टेकते तिथे नागरिकाची सदसद्विवेकबुद्धी आणि राज्याचा स्वतःचा कायदा एवढेच उरते.

भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा जो वाटे पाडतो त्याने पहिला वाटा उचलू नये, हे शहाणपण आपल्याकडेही आहे. आयोवा राज्याने १९८० च्या कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. तेथे निष्पक्ष कर्मचारी नकाशा तयार करतात. विद्यमान आमदार कोठे राहतो, कोणत्या भागात कोणाचे मतदार अधिक, मागील निवडणुकीत काय घडले, ही माहिती वापरण्यास त्यांना मनाई आहे. विधिमंडळाने पहिला आराखडा संपूर्ण स्वीकारावा किंवा संपूर्ण नाकारावा, दुसऱ्याचेही तसेच, दुरुस्तीची मुभा तिसऱ्या खेपेलाच. लाभ कोणाला होणार हे आखणाऱ्याला ठाऊकच नसावे, अशी ही व्यवस्था आहे.

परंतु डोळे मिटून आखलेली रेषा नेहमीच न्याय्य असते, असेही नाही. सर्वत्र थोडा-थोडा विखुरलेला समाज कोठेच ऐकला जात नाही. वरील गावातील सहा जण आठवावेत. अलाबामाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय चतुर्थांशाहून अधिक असताना काँग्रेसच्या सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत राहील अशी आखणी करण्यात आली; १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे ती २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य ठरवली. दुर्बळाचा आवाज ऐकू यावा म्हणून रेषेकडे डोळसपणे पाहणे वेगळे आणि स्वतःची खुर्ची टिकावी म्हणून पाहणे वेगळे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. कॅलिफोर्निया राज्यातील नागरिकांनी २००८ व २०१० मध्ये सार्वमताने ही लेखणी राजकारण्यांच्या हातून काढून चौदा नागरिकांच्या आयोगाकडे सोपवली होती: दोन्ही मोठ्या पक्षांचे पाच-पाच व इतर चार. २०२५ मध्ये टेक्सास राज्याने जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकन पक्षाला काँग्रेसच्या आणखी पाच जागा मिळाव्यात अशा हेतूने नवा नकाशा केला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ६४ टक्के मतांनी आपल्या आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा बाजूला ठेवला आणि २०३० पर्यंतच्या निवडणुकांसाठी डेमोक्रॅटिक पक्षाला लाभदायक नकाशा मंजूर केला.

ह्या निर्णयाचे समर्थन करणाऱ्यांची बाजू क्षुल्लक नाही. एकाने नियम पाळावेत आणि दुसऱ्याने मोडावेत, तर मोडणाऱ्यालाच बक्षीस मिळते. शिवाय कॅलिफोर्नियाने जनतेला विचारले आणि मुदतही घातली. हे सर्व मान्य केले, तरी एक प्रश्न उरतोच: ह्या उत्तराची किंमत कोण मोजतो? टेक्सासच्या आमदारांनी केलेल्या अन्यायाची शिक्षा कॅलिफोर्नियाच्या एखाद्या तालुक्यातील शेतकऱ्याला मिळते, ज्याने टेक्सासमध्ये काहीच केलेले नाही. आणि टेक्सासमध्ये ज्याचे मत निष्प्रभ झाले, त्याला त्याचे मत काही परत मिळत नाही. दोन अन्यायांची बेरीज तराजू समतोल दाखवते खरी. परंतु दोन्ही पारड्यांत माणसेच चिरडलेली असतात. मताचा हक्क पक्षाचा नसून माणसाचा आहे, असे एकदा मानले की सूडाची ही वजाबाकी जुळत नाही.

आपल्या देशात लोकसभा व विधानसभेच्या आखणीचे काम आयोगाकडे देण्याची सुज्ञ परंपरा आहे. २००२ च्या कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. आमदार-खासदार सहयोगी सदस्य असले तरी त्यांना मताचा अधिकार नव्हता. मात्र घराजवळच्या निवडणुकांत आपण तितके सावध आहोत काय? मुंबई महानगरपालिकेचे प्रभाग २२७ वरून २३६ करण्यात आले आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा २२७. मुंबईबाहेरील बहुतेक महानगरपालिकांत २०१२ मध्ये एका प्रभागातून दोन नगरसेवक, तर २०१७ मध्ये चार. प्रत्येक वेळी कारणे दिली गेली. पण ज्यांचा लाभ गुंतलेला आहे त्यांनीच नियम ठरवले की खऱ्या कारणांवरही विश्वास बसत नाही.

प्रभागरचनेचा आराखडा जाहीर होतो आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते, तेव्हा बहुतेक जण तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. उमेदवार ठरले की मात्र चर्चा रंगतात. आराखडा पाहताना आपल्या माणसाला तो सोयीचा आहे का, एवढेच पाहणारा मतदार गेरींच्याच पंक्तीला बसतो. रेषेपलीकडे जो जाणार आहे त्याच्या जागी मी असतो तर ही रेषा मला मान्य झाली असती काय, हा प्रश्न जो स्वतःला विचारतो आणि उत्तर ‘नाही’ आले तर आपल्या लाभाची रेषा असूनही हरकत नोंदवतो, त्याच्यामुळेच लोकशाहीतील ‘लोक’ हा शब्द खरा ठरतो.