यंत्र काढावे की ठेवावे?

“फादर, मशीन काढायला सही दिली तर पाप लागेल का?” अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा प्रश्न आम्हांला पुष्कळदा ऐकावा लागतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ उसळली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजचा अतिदक्षता विभाग त्यातूनच जन्मला. तो उसना श्वास शरीर सावरेपर्यंतचा होता. सावरण्याची आशाच मावळली तर?

भूलतज्ज्ञांनी नेमके हेच विचारले. साधारण उपाय बंधनकारक, असाधारण उपायांची सक्ती नाही, असे उत्तर पोपमहोदय बारावे पायस यांनी १९५७ साली दिले. यंत्र थांबविले तरी मृत्यू येतो तो रोगाने. विष टोचण्यात हेतूच मरणाचा असतो.

आम्हांला खटकते ते निराळेच. खर्चाचा विचार मनाला शिवला म्हणून मुले स्वतःला अपराधी मानतात! वास्तविक १९८० सालच्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने कुटुंबावरील अतिरेकी खर्चाचा भारही विचारात घेण्याजोगा मानला आहे. रुग्णाची स्वतःची इच्छा मात्र कोणी वेळीच विचारलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी एवढ्याने भागते.