हसलं कोण, कुणाला?

जोजो दहा वर्षांचा आहे. त्याला बुटाची लेस बांधता येत नाही. ज्यू लोक राक्षस असतात, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे. तायका वाइटिटीच्या ‘जोजो रॅबिट’मध्ये (२०१९) या पोराचा काल्पनिक जिवलग मित्र म्हणजे खुद्द हिटलर. ती भूमिका वाइटिटीनं स्वतःच केलीय, आणि हिटलरला पार बावळट करून टाकलंय. वाइटिटीची आई ज्यू वंशाची आहे.

साठ लाख ज्यूंच्या हत्येमागच्या माणसावर विनोद करावा का, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. मी सिनेमा कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर पाहिला. तेव्हा मला हा प्रश्नच फुसका वाटला. द्वेषाची भीती घालवायची तर त्याला हसावंच लागेल, असं माझं मत होतं.

मग ‘फँड्री’ आठवला. नागराज मंजुळेच्या या सिनेमात जब्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडावी लागतात. डुक्कर पळतं, जब्या त्याच्यामागं पळतो, आणि अख्खं गाव हसतं. शाळेतली पोरं हसतात. जब्याला आवडणारी शालूही हसते. इथं हिटलर नाही, गणवेश नाही, छावणी नाही. नुसतं हसणं आहे, आणि तेवढं पुरतं.

म्हणजे द्वेषालाही विनोद येतो. खरं तर लहान मुलांपर्यंत तो बहुधा विनोदातूनच पोचतो.

चाकणला आमच्या खोल्यांसमोर किराणा दुकान आहे. बिहारहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा तिथं मोडक्यातोडक्या मराठीत साखर मागत होता. शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोरानं त्याची हुबेहूब नक्कल केली. ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. पोरानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तीच नक्कल पुन्हा केली, जास्त जोरात. साखर मागणारा मुलगाही कसनुसा हसला.

मी परभणीचा. कंपनीत माझ्या बोलण्याची नक्कल होते, तेव्हा मीही असाच हसतो. त्या हसण्याला काय पडतं, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मी ओट्यावरच्यांच्या बाजूनं हसलो, कारण एकदा तरी नक्कल माझी नव्हती.

‘जोजो रॅबिट’मध्ये आपण ज्याला हसतो, त्याच्या हातात सत्ता आहे. ‘फँड्री’त गाव ज्याला हसतं, त्याच्या हातात डुकराचा फास आहे. विनोद चालेल की नाही, यापेक्षा त्याची किंमत कोण मोजतं हे विचारायला हवं. जब्याचा शेवटचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याकडं येतो, तो उगाच नाही.

त्या पोराला कुणी द्वेष शिकवला नव्हता. त्यानं फक्त आमच्या तोंडाकडं पाहिलं होतं. त्या वेळी एक जण जरी हसला नसता, तर त्याची नजर तिथं अडली असती. तो एक जण मी होऊ शकलो असतो.